न मळता केलेला सुकामेव्याचा पाव : काळ, पाणी व तापमान

प्रास्ताविक :

पाव करावयाचा म्हणजे पीठ भरपूर मळावयाचे, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. न्यूयॉर्क येथील सलिव्हन स्ट्रीट बेकरीचे संस्थापक जिम लेही यांच्या कृतीने या समजुतीस धक्का दिला. मार्क बिटमन यांनी ८ नोव्हेंबर २००६ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ती प्रसिद्ध केली आणि ती घरोघरी पोहोचली. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. सुझान डनवे यांचे न मळता पाव करण्याविषयीचे पुस्तक १९९९ मध्येच आले होते. मात्र ही कृती एखाद्या स्थिर सूत्राप्रमाणे जशीच्या तशी उचलली जाते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात पाव बिघडला की दोष मैद्याला दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा घड्याळाचा असतो. सुकामेवा घातल्यास तर हे गणित अधिकच बदलते. प्रस्तुत लेखात त्यामागील कारणांचा विचार केला आहे.

मळण्याचे कार्य व काळ :

लेही यांच्या २००९ मधील पुस्तकात ४०० ग्रॅम पिठास ३०० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ आणि अवघे १ ग्रॅम यीस्ट असे प्रमाण आहे. पाणी पिठाच्या ७५ टक्के असल्याने गोळा पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळच सैल व चिकट राहतो. गव्हातील ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने पाणी मिळताच परस्परांशी जोडली जाऊन ग्लुटेनचे जाळे तयार होते. मळण्याने ही क्रिया त्वरेने होते इतकेच. भरपूर पाणी आणि १२ ते १८ तासांचा अवधी मिळाल्यास पिठातील विकरे प्रथिने शिथिल करतात, वायूचे फुगणारे बुडबुडे जाळे ताणतात आणि मळण्याचे काम आपोआप घडते.

परंतु हा अवधी सुमारे २१ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून दिलेला आहे. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की किण्वनाचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ३२ अंशांच्या खोलीत १८ तासांचे काम आठ-नऊ तासांतच उरकते. त्यानंतर जाळे दुबळे होऊन गोळा आंबट व पसरट बनतो. अशा वेळी यीस्ट चिमूटभरच घ्यावे, पाणी थंडगार वापरावे अथवा काही काळ भांडे शीतपेटीत ठेवावे. घड्याळाकडे पाहण्यापेक्षा गोळा दुप्पट झाला का व पृष्ठभागावर बुडबुडे आले का, हे पाहणे अधिक विश्वसनीय.

सुकामेव्याचा परिणाम :

बेदाणे, अंजीर, जर्दाळू यांत पाणी अल्प व साखर विपुल असते. कोरडेच घातल्यास रात्रभरात ते गोळ्यातील पाणी शोषतात आणि गोळा घट्ट होतो. उलट त्यांतून पाझरणारी साखर परासरणाने यीस्टची गती मंदावते. म्हणून ते कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून, निथळून, कापडाने टिपून घ्यावेत. तासगाव-सांगली भागातील बेदाणे पुष्कळदा डिपिंग ऑइल व पोटॅशियम कार्बोनेट यांच्या द्रावणात बुडवून सुकविलेले असतात. या धुण्याने तो अंशही कमी होतो.

अक्रोडाची गोष्ट निराळी. त्याच्या सालीतील टॅनिनवर्गीय द्रव्ये दीर्घ किण्वनात उतरून पावास जांभळट छटा देतात. चवीस बाध येत नाही, पण रंग अनेकांना खटकतो. यास्तव ४०० ग्रॅम पिठास शंभर-सव्वाशे ग्रॅम सुकामेवा पहिल्या किण्वनानंतर घालणे इष्ट : गोळा पसरावा, मेवा पेरावा, चारही बाजू आत दुमडाव्यात आणि एक-दोन तास फुगू द्यावे. दालचिनीचा मोह मात्र आवरावा. तिच्यातील सिनॅमाल्डिहाइड यीस्टला रोधक असल्याने १ ग्रॅम यीस्टच्या पावात तिचा परिणाम चटकन जाणवतो.

भाजणे :

जाड बुडाचे झाकणाचे भांडे भट्टीत सुमारे २३० अंशांवर आधी तापवून गोळा त्यात सोडतात. झाकणामुळे गोळ्यातीलच वाफ कोंडली जाते, कवच लवकर कडक होत नाही आणि पाव फुगतो. भांडे बिडाचेच हवे असे नाही. झाकण घट्ट बसणे व मूठ उष्णता सोसणारी असणे महत्त्वाचे. अर्ध्या तासाने झाकण काढून आणखी १५ ते ३० मिनिटे भाजावे. पृष्ठभागी राहिलेले बेदाणे या टप्प्यात करपून कडू होतात, तेव्हा ते गोळा दुमडतानाच आत ढकललेले बरे. भाजलेला पाव जाळीवर किमान तासभर निवू द्यावा. गरम असताना कापल्यास आतील भाग चिकट लागतो आणि पाव कच्चा राहिल्याचा भ्रम होतो.