निश्चल रुग्णाच्या मेंदूंतील वादळ

अपघातांत डोक्यास जबर मार लागलेला एखादा तरुण रुग्णालयांत आणला जातो. कवटीखालीं सांचलेलें रक्त शस्त्रक्रियेनें काढलें जातें, श्वासोच्छ्वास यंत्रावर चालूं लागतो, आणि आप्तेष्टांचें वाट पाहणें सुरू होतें. एक दिवस जातो, दोन जातात. रुग्ण डोळे उघडीत नाहीं. पण हातपायही झाडीत नाहीं, कण्हत नाहीं. खाटेजवळ बसलेली आई म्हणते, "कसा शांत झोंपला आहे!" ही शांतता विश्रांतीचीच आहे, असें मात्र नुसत्या डोळ्यांनीं पाहून कोणासही सांगतां येत नाहीं, मग तो निष्णात वैद्य कां असेना. त्याच घटकेस आंत वादळ चाललें असण्याचा संभव असतो.

मेंदूंतील पेशींचा परस्परांशीं जो व्यवहार चालतो त्यांत विजेचा अंश असतो. ही वीज अतिशय सूक्ष्म. व्होल्टचे दहा लक्ष भाग केले तर त्यांपैकीं दहापासून शंभरपर्यंतच काय ते डोक्याच्या त्वचेवर हातीं लागतात. सन १८७५ मध्यें लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यानें ससे व माकडें यांच्या उघड्या मेंदूवर ती नोंदली. माणसाच्या मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम काढला तो १९२४ सालीं, जर्मनींतील येना येथील मानसरोगवैद्य हान्स बेर्गर यानें. त्याचें मूळ कुतूहल मोठें विलक्षण होतें. तरुणपणीं लष्करी शिक्षण घेत असतां तो घोड्यावरून पडून थोडक्यांत वांचला. त्याच दिवशीं दूर गांवीं असलेल्या बहिणीस भावाविषयीं अकारण काळजी वाटून वडिलांनीं त्यास तार केली. एका मनांतील गोष्ट दुसऱ्यास पोंचविणारी शक्ति कोणती, या ध्यासानें तो मेंदूकडे वळला. ती शक्ति त्यास सांपडली नाहीं. सांपडला तो हा आलेख. आरंभींच्या प्रयोगांत त्याला विशेष उपयोगी पडले ते शस्त्रक्रियेमुळें कवटीचें थोडें हाड नाहींसें झालेले रुग्ण. बेर्गरनें १९२९ मध्यें आपला शोध छापला, तेव्हां पुष्कळांनीं त्यावर विश्वास ठेवला नाहीं. १९३४ मध्यें केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनीं तो पडताळून पाहिला, तेव्हां कोठें जगाची खात्री पटली.

आजही पद्धत तत्त्वतः तीच आहे. डोक्यावर ठराविक जागीं धातूच्या सुमारें वीस लहान चकत्या चिकटवितात व त्यांच्यांतील विजेचा चढउतार यंत्रावर उमटतो. जागा पण डोळे मिटून बसलेला निरोगी मनुष्य घेतला, तर सेकंदास आठ ते तेरा लाटा दिसतात. आघातानें मेंदू मंदावला कीं त्या चारांहूनही कमी होतात. अपस्माराचा झटका आला म्हणजे चित्र अगदीं पालटतें. वर्गांत मुलें आपापलें काम करीत असतां नुसती गुणगुण ऐकूं येते. त्यांनींच एका सुरांत पाढे ओरडण्यास आरंभ केला कीं भिंती दणाणतात. असंख्य पेशी एकदम उसळूं लागल्या म्हणजे आलेखावर तशींच टोकदार, तालबद्ध शिखरें उठतात.

हा झटका अंगाच्या आंचक्यांतून बाहेर दिसेलच असें नाहीं. १९९९ मध्यें लॉस एंजेलिस येथील डॉक्टरांनीं मेंदूस आघात झालेल्या ९४ रुग्णांचे आलेख सतत चालूं ठेवले. २१ जणांस झटके आले, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या बाबतींत ते केवळ आलेखावरूनच कळले. शरीर स्वस्थ होतें. म्हणूनच अर्ध्या तासाचा आलेख काढून "सर्व ठीक आहे" म्हणणें धोक्याचें. तो निदान २४ तास, आणि गाढ बेशुद्धींत ४८ तास तरी चालूं ठेवावा लागतो. वाचणाराही जाणता हवा. घामानें, दांत खाल्ल्यानें, शेजारच्या यंत्राच्या कंपनानेंही खोटीं शिखरें उठतात.

झटके टाळण्यासाठीं औषध देतां येतें. सिॲटल येथें ४०४ रुग्णांवर झालेल्या व १९९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत फेनिटॉइन दिलेल्यांपैकीं पहिल्या आठवड्यांत शेंकडा ३.६ जणांस झटके आले, न दिलेल्यांपैकीं १४.२ जणांस. पुढें मात्र त्या औषधाचा लाभ दिसला नाहीं. घरीं गेल्यावर वर्षानुवर्षें तें चालूं ठेवल्यानें पुढचा अपस्मार टळतो, ही समजूत त्यामुळें निराधार ठरते.

याहूनही चमत्कारिक असा दुसरा एक प्रकार आहे. १९४४ सालीं हार्वर्ड येथें लेआंव या ब्राझिलच्या तरुण संशोधकानें अपस्माराच्या अभ्यासासाठीं सशाच्या मेंदूस उत्तेजन दिलें. अपेक्षा वादळाची, पाहतो तों वीज मालवत चाललेली! ती सामसूम एका जागेपासून मिनिटास सुमारें तीन मिलिमीटर, म्हणजे मुंगीसही लाजविणाऱ्या संथ गतीनें, सभोंवार पसरत गेली. या लाटेंत पेशी आपला सांठविलेला विद्युद्भार एकदम गमावून फुगतात. तो पुन्हा भरण्यास प्राणवायु व साखर लागते. निरोगी मेंदूंत रक्तवाहिन्या रुंदावतात व पुरवठा वाढतो. जखमी मेंदूंत त्या कधीं कधीं उलट आकसतात. गरज वाढावी आणि रसद तुटावी, असा हा प्रसंग.

त्वचेवरील चकत्यांना ही लाट सहसा स्पष्ट दिसत नाहीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं कवटी उघडलेलीच असतां मेंदूच्या पृष्ठभागावर चकत्यांची एक अरुंद पट्टी ठेवावी लागते. २००२ मध्यें लंडन व कोपनहेगन येथील वैद्यांनीं अशा नोंदी जखमी माणसांत दाखविल्या. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत १०३ रुग्णांपैकीं ५८ जणांत या लाटा आढळल्या, आणि आधींच विझलेल्या भागांतून ज्यांच्या लाटा गेल्या त्यांची पुढील अवस्था अधिक वाईट झाली. त्या लाटा थोपविल्यानें रुग्ण अधिक बरा होतो, हें मात्र अजून सिद्ध व्हावयाचें आहे.

अशी पट्टी शस्त्रक्रियेवांचून ठेवतां येत नाहीं, आणि अखंड आलेखाचीही सोय सर्वत्र नसते. खाटेजवळ बसणारास मात्र कांहीं गोष्टी टिपतां येतात. पापणी सारखी फडफडणें, ओठाचा कोपरा अथवा आंगठा तालांत उडणें, दोन्हीही डोळे एकाच बाजूस वळून राहणें, हें दिसल्यास घड्याळांत वेळ पाहावी आणि परिचारिकेस तत्काळ सांगावें. प्रत्येक हालचाल झटकाच असते असें नाहीं, पण आलेख काढावा कीं काय, हें ठरविण्यास डॉक्टरांना तेवढी नोंद पुष्कळ उपयोगी पडते.