मोशेच्या डोंगराखालची पोथी

सिनाईतल्या जबल मूसावर मी गेले ती ॲग्नेस स्मिथ लुईस या बाईपायी. मित्रमंडळींना ते अर्धवटच ठाऊक होतं. कैरो, लक्सर, अस्वान असा रिवाज पार पडल्यावर तांबड्या समुद्राकाठी चार दिवस लोळायचं ठरलं होतं. मी म्हटलं, तिथून सेंट कॅथरीन गाडीने दोन-तीन तासांवर आहे, रात्री डोंगर चढू, शिखरावर सूर्योदय पाहू. सगळे सह्याद्रीत वाढलेले, त्यामुळे डोंगर म्हटल्यावर कोणी नाही म्हटलं नाही. पायथ्याच्या मठात मला काय पाहायचं होतं, ते चढताना सांगितलं.

२,२८५ मीटर ही उंची ऐकून कळसूबाईवाला माणूस सावध होतो. पण मठच १,५०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढण सातशे-साडेसातशे मीटरची. दमछाक होते ती थंडीने आणि कोरड्या हवेने. वाटाड्या घ्यावाच लागतो आणि तो जबालिया जमातीचा असतो. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात मठ बांधला, तेव्हा त्याच्या राखणीला काळ्या समुद्राकडून आणि इजिप्तमधून माणसं धाडली, त्यांचे आपण वंशज, असं हे लोक सांगतात. आज ते मुसलमान आहेत आणि चौदा शतकांहून अधिक काळ ख्रिस्ती मठाची उस्तवार करत आले आहेत. आमचा वाटाड्या मोजकं बोलायचा, पण वाटेतल्या प्रत्येक खोपटातला चहावाला त्याचा चुलत नाहीतर मावसभाऊ निघायचा. हबक नावाचा रानपुदिना घातलेला तो गोडमिट्ट चहा अंधारात दोन्ही हातांनी धरून प्यायचा, कारण बोटं बधिर झालेली असतात.

वाटा दोन. एक रुंद, वळणावळणाची, उंटांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इजिप्तच्या अब्बास पाशाने करवून घेतली. शेजारच्या शिखरावर त्याला महाल बांधायचा होता. १८५४ मध्ये तो मेला आणि भिंती अर्ध्या राहिल्या. दुसरी वाट पायऱ्यांची, ३,७५० पायऱ्यांची म्हणतात. एका साधूने प्रायश्चित्त म्हणून एकट्याने त्या रचल्या अशी आख्यायिका आहे. आम्ही उंटवाटेने चढलो. दोन्ही वाटा जिथे मिळतात, तिथून वरच्या साडेसातशे पायऱ्या कोणालाच चुकत नाहीत. शिखरावर एक छोटं चर्च आहे, १९३४ मध्ये जुन्याच दगडांतून पुन्हा उभारलेलं, आणि जवळच एक मशीद. सूर्य उगवला, सगळ्यांनी फोटो काढले. झाड नाही, गवत नाही, नुसता तांबूस ग्रॅनाइट. माझं लक्ष खाली होतं, मठ कुठे दिसतो का याकडे.

उतरताना हट्टाने पायऱ्या धरल्या. गुडघ्यांची परीक्षा होते, पण डोंगर या वाटेनेच कळतो. मध्ये एक दगडी कमान लागते. सहाव्या शतकात इथे स्टिफन नावाचा साधू बसायचा आणि यात्रेकरूंचे पापकबुलीजबाब ऐकूनच त्यांना वर सोडायचा. त्याचा सांगाडा अंगावर वस्त्रं चढवून मठाच्या अस्थिघरात आजही बसवलेला आहे. ॲग्नेसबद्दल मी मित्रांना सांगायला घेतलं ते याच कमानीत, पाण्याच्या बाटल्या उघडून.

१८४३ साली स्कॉटलंडमध्ये ॲग्नेस आणि मार्गारेट या जुळ्या बहिणी जन्मल्या. आई लवकर गेली. बापाने शिकवलं, प्रवासाची गोडी लावली आणि मागे मोठी दौलत ठेवली. ॲग्नेस विशीतच बहिणीला घेऊन इजिप्तला जाऊन आली होती. पुढे दोघी आधुनिक ग्रीक शिकल्या, ग्रीसमध्ये घोड्यावरून हिंडल्या. चाळिशीत दोघींची लग्नं झाली आणि काही वर्षांतच दोघींचे नवरे गेले, मार्गारेटचा १८८६ मध्ये आणि ॲग्नेसचा १८९१ मध्ये. त्यानंतर पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या या बाईने सिरियाक शिकायला घेतली. येशूची मातृभाषा अरामी, तिचीच ही बोली. कारण सरळ होतं. रेंडेल हॅरिस या अभ्यासकाला १८८९ मध्ये सिनाईच्या मठात एक अत्यंत जुना सिरियाक ग्रंथ सापडला होता, आणि मठातल्या एका अंधाऱ्या कोठडीत सिरियाक पोथ्यांच्या पेट्या आहेत, त्या मला नीट बघता आल्या नाहीत, असं त्याने या बहिणींना सांगितलं होतं. पोथ्यांचे फोटो कसे काढायचे तेही त्यानेच शिकवलं.

मठात तेव्हा युरोपीय अभ्यासकांविषयी अढी होती आणि ती रास्तच होती. त्याला कारण टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाचं प्रकरण. १८४४ मध्ये त्याने इथून बायबलच्या चौथ्या शतकातल्या पोथीची ४३ पानं नेली आणि १८५९ मध्ये आणखी ३४७. परत करण्याच्या लेखी वचनावर गेलेली ती पानं रशियाच्या झारकडे पोचली. पुढे स्टालिनच्या सरकारने ती १९३३ मध्ये एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकली. साधू हे विसरले नाहीत. विसरायचं तरी का?

म्हणून १८९२ च्या हिवाळ्यात सुएझहून उंटांवरून वाळवंट तुडवत दोन विधवा बायका दाराशी आल्या, तेव्हा त्यांना कोठडी उघडून मिळेल असं कोणाला वाटलं नसतं. ती मिळाली, कारण दोघी साधूंशी त्यांच्या रोजच्या ग्रीकमध्ये बोलत होत्या. होमर मुखोद्गत असलेल्या प्राध्यापकांना ते जमत नसे. ग्रंथपाल गॅलाक्टिऑन यांच्याशी त्यांचं जमलं ते कायमचं.

त्या कोठडीतून बाहेर आली एक जाड, मळकी, पानाला पान चिकटलेली चामड्याची पोथी. चर्मपत्र महाग, त्यामुळे जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहायची तेव्हा पद्धत होती. वरचा मजकूर होता संत स्त्रियांच्या चरित्रांचा. पण त्याच्या ओळींखाली ॲग्नेसला फिकट पिवळट अक्षरं दिसली आणि पानांच्या माथ्यावर ‘मत्तय’, ‘लूक’ अशी नावं. कोणीतरी शुभवर्तमानं खरवडून त्यावर या कथा लिहिल्या होत्या. चिकटलेली पानं तिने तंबूतल्या चहाच्या किटलीची वाफ देऊन सोडवली आणि एकेका पानाचा फोटो काढला. दोघींनी त्या मुक्कामात सुमारे हजार फोटो काढले आणि पोथी होती तिथेच ठेवून परत आल्या.

या शेवटच्या वाक्यापाशी मी दर वेळी थांबते. टिशेनडॉर्फ वचन देऊन पोथी घेऊन गेला. ॲग्नेस फोटो घेऊन गेली. त्या दिवसांत जुनी पोथी शोधणं आणि ती उचलणं यांत कोणाला फारसा फरक वाटत नसे, तेव्हा तिने तो केला. तिच्या विद्वत्तेइतकाच मला हा भाग मोठा वाटतो.

पुढचा अंक केंब्रिजचा, आणि तो वाचताना माझं रक्त तापतं. नुसत्या शोधावर कोणी विश्वास ठेवेना. अखेर फ्रान्सिस बर्किट या तरुण अभ्यासकाला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावून बहिणींनी पियानोवर फोटो मांडून ठेवले. बर्किटने ते रॉबर्ट बेन्स्ली या सिरियाकच्या जाणकाराला दाखवले आणि बेन्स्लीने ओळखलं, की चार शुभवर्तमानांचा हा अत्यंत प्राचीन सिरियाक अनुवाद आहे. तोवर त्या परंपरेतली एकच पोथी माहीत होती आणि तीही खंडित. लगेच मोहीम ठरली. १८९३ मध्ये बेन्स्ली आणि बर्किट सपत्नीक निघाले आणि बहिणींच्या आग्रहाने हॅरिसही. वाचायचं काम तिघा पुरुषांनी वाटून घेतलं. पोथी शोधणाऱ्या बाईच्या वाट्याला नक्कल करायला पानंच आली नाहीत. तेवढ्या मुक्कामात दोघी स्वस्थ बसल्या नाहीत: ॲग्नेसने मठातल्या सिरियाक पोथ्यांची आणि मार्गारेटने अरबी पोथ्यांची यादी केली. त्या याद्या १८९४ मध्ये छापून आल्या. अस्पष्ट ओळींवर ॲग्नेसने सडक्या अंड्यांचा वास मारणारं एक रसायन ग्रंथपालांच्या परवानगीने लावलं आणि अक्षरं वर आली. आजचा कोणताही जतनतज्ज्ञ ते करू देणार नाही. त्या काळी तो मान्य उपाय होता.

परतल्यावर तीन-चार दिवसांतच बेन्स्ली वारले. त्यात शोध नक्की कोणाचा यावरून कुजबुज सुरू झाली. साधू त्या पोथीची पानं लोण्याखाली ठेवत होते आणि बाईंना ती जेवणाच्या टेबलावर दिसली, अशी एक कंडीही पिकली. त्या एका गोष्टीने दोघांचा अपमान झाला: मठाचा आणि नेटाने भाषा शिकून आलेल्या ॲग्नेसचा. मार्गारेटने त्याच वर्षी बहिणीच्या टिपणांवरून सगळी हकीकत पुस्तकरूपाने छापली आणि ती आपल्याला उपलब्ध आहे हे भाग्य. १८९४ मध्ये पोथीची आवृत्ती तिघा पुरुषांच्या नावे निघाली आणि ॲग्नेसने प्रस्तावना लिहिली.

तिला त्यात समाधान नव्हतं, कारण बऱ्याच ओळी वाचायच्या राहिल्या होत्या. १८९५ मध्ये ती पुन्हा डोंगराखाली आली, सुटलेला मजकूर वाचला आणि पुढच्या वर्षी छापला. १९१० मध्ये तिने संपूर्ण संहितेची स्वतःची आवृत्ती काढली, वयाच्या ६७ व्या वर्षी. भांडण तिने असं मिटवलं, आणखी चांगलं काम करून.

पोथीत होतं काय? मार्काचं शुभवर्तमान इथे सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपतं; रिकामी कबर पाहून बायका घाबरून पळतात, तिथेच. पुढच्या, सर्वांच्या परिचयाच्या ओव्या यात नाहीत. खळबळ उडाली ती मत्तयाच्या पहिल्या अध्यायावरून. वंशावळीच्या शेवटी इथे म्हटलं आहे, की कुमारी मरीयेची मागणी ज्याच्याशी झाली होती, त्या योसेफापासून येशू झाला. एकाच वाक्यात ‘कुमारी’ही आणि योसेफाचं पितृत्वही! यावर वर्तमानपत्रांतून रणं माजली. ॲग्नेस स्वतः कट्टर प्रेस्बिटेरियन, श्रद्धाळू. तरी तिने एक अक्षर लपवलं नाही की सौम्य केलं नाही.

आणि वरचा मजकूर? अभ्यासकांनी तो बाजूला सारला, ॲग्नेसने नाही. १९०० मध्ये तिने त्या कथाही छापल्या. त्यात थेक्ला आहे, युजेनिया आहे, पेलाजिया आहे. युजेनिया आणि पेलाजिया या दोघी पुरुषाचा वेष घेऊन साधू म्हणून जगल्या, युजेनिया तर चक्क पुरुषांच्या मठात. पुरुषांच्या मठातल्या कोठडीत बंद पडलेल्या या कथा एका बाईने बाहेर काढाव्यात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्टिफनच्या कमानीतून उठलो तेव्हा आमच्यातल्या एकीने विचारलं, ‘मग तिला केंब्रिजने डॉक्टरेट तरी दिली का?’ नाही. हाले, हायडेलबर्ग, सेंट अँड्र्यूज, डब्लिन यांनी दिल्या. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडलं. १८९७ च्या मे महिन्यात तिथे त्यावर मतदान झालं, तेव्हा विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला आणि ठराव पडला. त्याच महिन्यात त्याच गावात या दोघी बहिणी, स्वतः दिलेल्या जागेवर आणि पैशाने उभ्या राहणाऱ्या वेस्टमिन्स्टर कॉलेजचा पायाभरणीचा दगड बसवत होत्या.

मठ काही तासच उघडा असतो आणि शुक्रवारी-रविवारी बंद, त्यामुळे डोंगराची रात्र त्या हिशेबाने धरावी. चर्च, मोशेचं म्हणून दाखवतात ते झुडूप आणि दालनात मांडलेल्या थोड्या पोथ्या बघायला मिळतात. ग्रंथालय अभ्यासकांसाठी आहे. तिथे सुमारे ३,३०० जुनी हस्तलिखितं, आणि १९७५ मध्ये एका बंद खोलीत सापडलेला ऐवज वेगळाच. २०११ पासून काही वर्षं शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात इथल्या ७४ खरवडलेल्या पोथ्यांची छायाचित्रं घेतली आणि पुसलेला मजकूर रसायनाचा थेंबही न लावता वाचायला मिळू लागला. पोथ्या मात्र मठातच राहिल्या.

आपल्याशी जोडणारा धागाही याच बहिणींपासून सुरू होतो. १८९६ मध्ये पूर्वेच्या फेरीत त्यांनी विकत घेतलेल्या कागदांत हिब्रूतलं एक पान होतं. केंब्रिजमधल्या सॉलोमन शेक्टर यांनी ते ओळखलं, माग काढत कैरोच्या जुन्या सिनेगॉगपर्यंत गेले आणि तिथल्या गनिझातून, म्हणजे जीर्ण कागदांच्या कोठारातून, एक लाख नव्वद हजारांच्या आसपास तुकडे आणले. त्यांत बाराव्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्यांची हिंदुस्थानशी चाललेली पत्रं निघाली. मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजूचे मिरी-वेलदोड्यांचे हिशेब आहेत, एडनहून त्याला आलेले कागद आहेत. त्या पत्रव्यवहारात आपल्या ठाण्याच्या बंदराचंही नाव येतं. कोकण किनाऱ्याच्या मध्ययुगीन व्यापारावर लिहिणाऱ्याला आज गनिझा टाळून पुढे जाता येत नाही, आणि शेक्टर गनिझापर्यंत पोचले ते ॲग्नेस आणि मार्गारेटने कैरो-जेरुसलेमच्या वाटेवर दाम मोजून घेतलेल्या त्या एका पानामुळे.