एकाच मुलखातून आलेले दोन समाज : दारव्हा परिसरातील बंजारा आणि मारवाडी यांच्या आर्थिक स्थितीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे वऱ्हाडातल्या कापसाच्या मुलखातील तालुक्याचे गाव. या भागात ज्या दोन समाजांची तुलना वरचेवर केली जाते, ते बंजारा आणि मारवाडी हे दोन्ही समाज आपले मूळ आजच्या राजस्थानात सांगतात. मात्र पहिल्याची ओळख तांड्याशी, कोरडवाहू शेतीशी आणि हंगामी मजुरीशी जोडली गेली आहे, तर दुसऱ्याची पेढीशी, अडतीशी आणि जिनिंगच्या कारखान्याशी. एकाच मुलखातून आलेल्या दोघांपैकी एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, तेव्हा या फरकाचे कारण त्यांच्या स्वभावात किंवा चालीरीतींत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यातून सहज काढला जातो. हा निष्कर्ष इतिहासाला धरून नाही आणि संख्याशास्त्रालाही धरून नाही. दोन समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना करायची असेल, तर नावाखाली नेमके कोण मोजले जाते, ते केव्हा आणि कशासह आले, आणि सुस्थिती कोणत्या मापाने मोजली जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात. पुढील गैरसमजांचा विचार याच प्रश्नांच्या आधारे केला आहे.

गैरसमज १ : दोन्ही समाज राजस्थानातून आले, म्हणजे दोघांची सुरुवात सारखीच होती.

वस्तुस्थिती : ज्याला आज राजस्थान म्हणतात ते राज्य ३० मार्च १९४९ रोजी आकाराला आले, त्याआधी तेथे जोधपूर, जयपूर, बिकानेर अशी अनेक संस्थाने होती आणि त्या साऱ्या प्रदेशाला राजपुताना म्हणत. शिवाय दोन्ही समाजांच्या वऱ्हाडातील आगमनात मोठे अंतर आहे. बंजारा हे लदेणी करणारे, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरच्या मुलखांत नेणारे लोक होते. १६३० च्या सुमारास मोगल फौजांना रसद पुरवत भंगी आणि जंगी या नायकांचे तांडे दख्खनेत उतरले, अशी त्यांची परंपरा सांगते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये धान्याने लादलेल्या सुमारे १४,००० बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. तांडा हा शब्द आज वस्तीसाठी वापरला जात असला, तरी त्याचा मूळ अर्थ असा चालता काफिला हा होता. म्हणजे त्या काळी बंजारा हे मालवाहतुकीचे मोठे भांडवल हाती असलेले लोक होते आणि त्यांच्या बैलांशिवाय मोठ्या फौजांची हालचाल अवघड होती.

वऱ्हाडातील मारवाडी व्यापाराचा मोठा विस्तार मात्र एकोणिसाव्या शतकातला आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाल्याने वऱ्हाडी कापसाचे भाव चढले, आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद मार्ग दारव्ह्यावरून गेला. लोक त्याला ‘शकुंतला’ या नावाने ओळखतात, आणि त्याच्या उभारणीमागील मुख्य हेतू कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचवणे हाच होता.

या दोन समाजांच्या कहाण्या नेमक्या याच ठिकाणी एकमेकींना छेदतात. पक्क्या सडका, बैलगाड्या आणि आगगाडी यांनी मालवाहतूक स्वस्त केली; त्यामुळे शेतकऱ्याकडून कापूस घेऊन तो मुंबईला धाडणाऱ्याचा धंदा वाढला आणि बैलांच्या पाठीवर माल वाहणाऱ्याचा धंदा बुडाला. ज्या बदलाने एका समाजाच्या हाती संधी दिली, त्याच बदलाने दुसऱ्याचे भांडवल निरुपयोगी केले. म्हणून आजच्या फरकाला दोन समाजांच्या गुणावगुणांचा निकाल मानणे ही इतिहासाची उलटी मांडणी ठरते.

गैरसमज २ : ‘मारवाडी’ आणि ‘बंजारा’ ही दोन एकजिनसी समाजांची नावे आहेत.

वस्तुस्थिती : मारवाड हे जोधपूर संस्थानाच्या प्रदेशाचे नाव आहे, परंतु वऱ्हाडात आणि देशभर ज्यांना मारवाडी म्हटले जाते, त्यांतील अनेक घराणी जयपूर संस्थानातील शेखावाटी भागातून किंवा बिकानेरकडून आलेली आहेत, वर्ध्याचे जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये सीकरजवळच्या गावी झाला होता, म्हणजे काटेकोर अर्थाने ते मारवाडचे नव्हते. या एका नावाखाली अग्रवाल, माहेश्वरी, ओसवाल असे वेगवेगळे समाज येतात, त्यांत वैष्णवही आहेत आणि जैनही, आणि पेढीच्या मालकाबरोबर त्याच पेढीवर पगारावर काम करणारा मुनीम आणि गल्लीतील छोटा दुकानदारही याच नावाने ओळखला जातो.

बंजारा या नावाचेही तसेच आहे. हे लोक स्वतःला गोर म्हणतात आणि आपल्या बोलीला गोरमाटी. इतरांनी त्यांना बंजारा, लमाण, लभाण, लंबाडा, सुगाळी अशी प्रदेशागणिक वेगळी नावे दिली. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही चारण, मथुरिया, लभाण, ढाडी असे त्यांचे निरनिराळे गट नोंदलेले आहेत.

नावाची ही अडचण जगात इतरत्रही दिसते. अमेरिकेच्या जनगणनेत १९८० पासून रहिवाशांना वंशमूळ विचारले जाऊ लागले आणि त्या उत्तरांवरून निरनिराळ्या स्थलांतरित गटांच्या उत्पन्नाची तुलना होऊ लागली. परंतु मॅसेडोनिया हे १९९१ पर्यंत युगोस्लाव्हियाच्याच सहा प्रजासत्ताकांपैकी एक होते. त्यामुळे एकाच देशातून आलेल्या दोन माणसांपैकी एक स्वतःला मॅसेडोनियन आणि दुसरा युगोस्लाव्ह म्हणवू शकत होता. अशा दोन गटांच्या सरासरी उत्पन्नातील फरकात आर्थिक स्थितीइतकाच कोणी कोणते नाव निवडले याचाही हात असतो.

गैरसमज ३ : कोणता समाज किती श्रीमंत किंवा गरीब आहे, हे सरकारी आकडेवारीत नोंदलेलेच आहे.

वस्तुस्थिती : भारताच्या जनगणनेत कुटुंबाचे उत्पन्न विचारले जात नाही, आणि सर्व जातींची गणना होऊन तिचे आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१ मध्ये, स्वातंत्र्यानंतर केवळ अनुसूचित जाती आणि जमाती यांचीच वेगळी नोंद होत आली. सर्व जातींची नोंद आगामी जनगणनेत करण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. भाषेच्या आकड्यांतून अंदाज बांधावा, तर २०११ च्या जनगणनेत मारवाडी ही सुमारे ७८ लाखांची, लमाणी किंवा लंबाडी सुमारे ३३ लाखांची आणि बंजारी सुमारे १६ लाखांची मातृभाषा म्हणून नोंदली गेली खरी, पण या तिन्ही बोली ‘हिंदी’ या एकाच मथळ्याखाली जमा केल्या आहेत.

खर्चाच्या राष्ट्रीय नमुना पाहण्या, म्हणजे काही निवडक कुटुंबांच्या खर्चावरून साऱ्या लोकसंख्येचा अंदाज बांधणाऱ्या पाहण्या, कुटुंबांची विभागणी अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग आणि उर्वरित अशा चार गटांत करतात. महाराष्ट्रातील बंजारा समाज राज्याच्या यादीत विमुक्त जाती (अ) या ३ टक्के आरक्षणाच्या गटात आणि केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात मोडतो. त्यामुळे दारव्ह्याच्या तांड्यातील कुटुंबाची गणना कुणबी, माळी, तेली या समाजांतील कुटुंबांबरोबर एकाच गटात होते. याच यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरील पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात गेल्यास तेथील लंबाडा अनुसूचित जमातीत, आणि कर्नाटकात गेल्यास लंबाणी अनुसूचित जातीत मोजला जातो. एकाच बोलीचे, एकाच देवाचे आणि परस्परांत सोयरीक असलेले लोक तीन राज्यांत तीन रकान्यांत विभागले गेल्यावर, त्यांच्या सुस्थितीचा एकच आकडा कोठेही सापडणार नाही, हे उघड आहे.

गैरसमज ४ : ज्या समाजाने मुख्यमंत्री दिले, तो समाज मागासलेला असू शकत नाही.

वस्तुस्थिती : पुसद तालुक्यातील गहुली या गावी जन्मलेले वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक यांनीही १९९१ मध्ये तेच पद स्वीकारले. शेती, संकरित बियाणे आणि १९७२ च्या दुष्काळातील रोजगाराची कामे यांच्याशी वसंतरावांचे नाव कायमचे जोडलेले आहे आणि बंजारा समाजाला त्यांचा सार्थ अभिमान आहे. परंतु एका घराण्याच्या राजकीय उंचीवरून हजारो कुटुंबांची आर्थिक स्थिती ठरत नाही.

सरासरी आणि मध्यक यांतील फरक येथे समजून घेतला पाहिजे. सर्वांचे उत्पन्न एकत्र करून कुटुंबांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते. सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने उभी केली, तर मधोमध येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे मध्यक. समजा, दहा कुटुंबांपैकी नऊ कुटुंबे दरमहा १०,००० रुपये मिळवतात आणि दहावे २,१०,००० रुपये मिळवते. तर सरासरी ३०,००० रुपये येते, पण मध्यक १०,००० रुपयेच राहतो. मोठ्या पेढीच्या मालकावरून सर्व मारवाड्यांना श्रीमंत ठरवणे आणि एका नेत्यावरून सर्व बंजाऱ्यांना पुढारलेले ठरवणे या दोन्ही चुका, दहाव्या कुटुंबाकडे पाहून उरलेल्या नऊ कुटुंबांचा निवाडा करण्याच्या चुका आहेत.

गैरसमज ५ : मारवाड्यांची भरभराट केवळ काटकसरीतून किंवा केवळ सावकारीतून झाली.

वस्तुस्थिती : काटकसर अनेक समाजांत असते, पण तिचे भांडवलात रूपांतर होण्यासाठी पत लागते. वऱ्हाडात आलेल्या व्यापाऱ्यांमागे हुंडीची व्यवस्था होती. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेला, रोख रक्कम देण्याचा आदेश, ज्यामुळे पैशाच्या थैल्या न हलवताही व्यवहार पुरा होई. नव्याने आलेल्या तरुणाला जातभाईंच्या पेढीवर काम, जेवण, हिशेबाचे शिक्षण आणि पुढे स्वतःच्या धंद्यासाठी उधार मिळत असे. दुसरीकडे इंग्रजी रयतवारीत जमीन विकता आणि गहाण ठेवता येऊ लागली, सारा रोखीने भरावा लागे, आणि त्यामुळे शेतकऱ्याला कर्जाची गरज निर्माण झाली.

सावकार म्हणजे मारवाडी ही प्रतिमा मुख्यतः १८७५ च्या दंग्यांनी घट्ट केली. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे महिन्यात सुरू होऊन अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरलेल्या त्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. मात्र सावकारी कोणा एका समाजापुरती कधीच मर्यादित नव्हती. ऐपतदार शेतकरीही व्याजाने पैसे देत आले आहेत. कर्जाच्या जाचातून झालेला अन्याय खरा आहे आणि तो विसरता कामा नये, पण त्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या एका संपूर्ण समाजाच्या माथी मारणे हाही अन्यायच आहे.

गैरसमज ६ : तांड्यातील गरिबी ही भटकेपणाची आणि जुन्या सवयींची देण आहे.

वस्तुस्थिती : दारव्हा, दिग्रस, पुसद आणि शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील मानोरा या पट्ट्यातील तांडे कित्येक पिढ्यांपासून स्थिर वस्त्या आहेत, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान साऱ्या देशातील बंजाऱ्यांचे तीर्थ आहे. लदेणी बुडाल्यावर शेतीकडे वळलेल्या या लोकांना पुष्कळदा गावकुसापासून दूर, डोंगरउताराची हलकी जमीन मिळाली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो १९११ मध्ये साऱ्या ब्रिटिश भारतासाठी विस्तारला गेला, संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्या गटांवरही हा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्याच्या कक्षेतून सुटलेल्या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. पण संशयाने पाहणारी नजर कायद्याबरोबर गेली नाही, आणि संशयिताला पत, काम आणि शेजार हे तिन्ही मिळवणे अवघड जाते.

आजचे भटकणे हे सवयीतून आलेले नाही. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन वर्षभर पोट भरू शकत नाहीत, म्हणून ते करावे लागते. दिवाळीच्या सुमारास अनेक तांड्यांतील कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, किंवा बांधकामावर पुण्या-मुंबईकडे जातात. ऊसतोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ मानले जाते आणि मुकादमाकडून तिला आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, मिळते. हंगामाच्या सुरुवातीला ही उचल उत्पन्नासारखी दिसते; प्रत्यक्षात ते श्रमाने फेडायचे कर्ज असते, आणि हंगाम बिघडला तर त्याची बाकी पुढच्या वर्षावर जाते. म्हणून हाती आलेल्या रकमेवरून अशा कुटुंबाची सुस्थिती मोजली, तर कर्जालाच कमाई समजण्याची चूक होते.

तुलनेचे योग्य माप

यावरून दोन समाजांची तुलना करूच नये असे ठरत नाही. विषमता मोजली नाही तर ती दूर करण्याचा मार्गही सापडत नाही. परंतु ती तुलना उपयोगी ठरायची असेल, तर सरासरीबरोबर मध्यक पाहावा लागेल, उत्पन्नाबरोबर कर्ज, जमिनीचा कस आणि सिंचन पाहावे लागेल, आणि एका नावाखालील लहान गट वेगळे मोजावे लागतील. सर्वांत विश्वासार्ह खूण कदाचित शाळेच्या हजेरीपटावर सापडेल. आईवडील उसाच्या फडावर गेलेले असताना मूल हंगामी वसतिगृहात, आश्रमशाळेत किंवा आजी-आजोबांजवळ राहून शाळेचे वर्ष पुरे करते, की कोयत्यामागे जाऊन अर्ध्यावर सोडते, यावर त्या कुटुंबाची पुढची पिढी ठरते.

वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा लोहमार्ग दारव्ह्यावरून नेण्याची योजना आहे. दीडशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेल्या आगगाडीने काहींना बाजार दिला आणि काहींच्या हातचे काम काढून घेतले. नव्या मार्गाचा लाभ अडत बाजाराबरोबर तांड्यापर्यंतही पोहोचला की नाही, हे काही वर्षांनी पाहता येईल, आणि त्याची साक्ष दिवाळीनंतरही तांड्यातील किती घरांना कुलूप लागत नाही, यावरून मिळेल.