विद्रावकांची बाष्पे आणि यकृताचे आरोग्य

अस्सल कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीने शिवली जाते. तिला खिळा लागत नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या या हस्तकलेच्या जोडीनेच शहरात रबरी तळ चिकटविण्याचे कामही चालते, तर उद्यमनगर व शिरोली परिसरात यंत्रभागांना रंग दिला जातो. या कामांतील ‘सोल्यूशन’ व ‘थिनर’ यांत टोल्युइन, हेक्झेन यांसारखी विद्रावके असू शकतात. ती चटकन उडतात आणि श्वासावाटे शरीरात जातात.

फुप्फुसांतून रक्तात मिसळलेली ही बाष्पे यकृतात पोचतात. परकीय द्रव्यांचे रूपांतर करून ती उत्सर्जनास योग्य करणे हे यकृताचे कार्य होय. परंतु काही वेळा या रूपांतरातूनच मूळ द्रव्याहून घातक पदार्थ निर्माण होतो. कार्बन टेट्राक्लोराइड हे याचे सुपरिचित उदाहरण. प्रयोगशाळेत उंदरांना दररोज काही तास, अनेक आठवडे त्याची बाष्पे दिली असता प्रथम यकृतपेशींत मेद साचतो, नंतर मध्यवर्ती शिरेभोवतालच्या पेशी मरतात आणि अखेरीस तंतुमय ऊतक वाढून यकृत कठीण होते. आरंभीच संपर्क थांबविल्यास यकृत बव्हंशी पूर्ववत होते. पुढील अवस्थेत तशी खात्री राहत नाही.

सर्वच विद्रावके इतकी यकृतघातक नाहीत. टोल्युइन व हेक्झेन यांचा मुख्य आघात मज्जासंस्थेवर होतो. प्राण्यांवरील निष्कर्षही माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मात्र ते धोक्याची दिशा दाखवितात. मद्यपानाने काही विद्रावकांचा यकृतावरील अपाय वाढतो, हेही ध्यानी घ्यावे.

कारखाना अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन अशा रसायनांच्या हवेतील प्रमाणावर मर्यादा घालण्यात आल्या. तथापि घराच्या पडवीत चालणाऱ्या कामापर्यंत तपासणी सहसा पोचत नाही. ही बाष्पे हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतात, आणि कारागीर बसतो तो जमिनीवरच. शेजारी मूलही खेळत असते.

यावर उपाय साधे आहेत. काम मोकळ्या हवेत करावे, डबा झाकून ठेवावा, थिनरने हात धुऊ नयेत, लहान मुलांना दूर ठेवावे. नाकाला वास सवयीचा होतो, यकृताला विष सवयीचे होत नाही. ही जाणीव पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी घरोघरी पोचविल्यास कारागिराची कला आणि त्याचे आरोग्य, दोन्ही टिकतील.