स्थितिक विद्युत रंगफवारणी : भूसंपर्कन आणि अग्निसुरक्षा

प्रस्तावना :
औद्योगिक रंगकामात स्थितिक विद्युत फवारणी पद्धतीला महत्त्वाचे स्थान आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत हॅरोल्ड रॅन्सबर्ग यांनी या पद्धतीच्या विकासात मोठा वाटा उचलला. या पद्धतीत रंगाची बचत होते. परंतु उच्च विभव आणि ज्वलनशील द्रावक एकत्र आल्याने आगीचा धोका संभवतो. भूसंपर्कन, म्हणजेच अर्थिंग, हा धोका कसा टाळते याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यतत्त्व :
स्प्रे गनमध्ये रंगाच्या थेंबांना साधारणतः ३० ते १०० किलोव्होल्ट विभवाने विद्युतभारित केले जाते. भारित थेंब भूसंपर्कित वस्तूकडे आकर्षिले जातात व तिच्या मागील बाजूसही बसतात. थेंबांसोबत आलेला भार वस्तूमधून जमिनीत वाहून जाणे आवश्यक असते.

धोक्याचे स्वरूप :
गनमधील प्रवाह अत्यल्प असतो. त्यामुळे खरा धोका गनपेक्षा भूसंपर्क तुटलेल्या धातूच्या वस्तूत असतो. अशी वस्तू धारित्राप्रमाणे भार साठविते. २०० पिकोफॅरड धारिता असलेली वस्तू १० किलोव्होल्टपर्यंत भारित झाल्यास १० मिलिज्यूल ऊर्जा साठते. टोल्युइनसारख्या द्रावकाची वाफ पेटण्यास सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. म्हणजेच एका ठिणगीत आवश्यकतेच्या चाळीसपट ऊर्जा असू शकते.

भूसंपर्काचा रोध १ मेगओहमपेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे. १०० मायक्रोअँपिअर प्रवाह आणि १ मेगओहम रोध असता वस्तूवर केवळ १०० व्होल्ट विभव येतो. या विभवास वरील वस्तूत अवघा १ मायक्रोज्यूल साठतो. यावरून या मर्यादेमागील तर्क स्पष्ट होतो.

प्रतिबंधक उपाय :
१) कन्व्हेयरच्या हुकांवर साचलेला रंगाचा थर विद्युतरोधक असतो, म्हणून हुक नियमित स्वच्छ करावेत. प्रत्यक्षात भूसंपर्क तुटण्याचे हे नेहमीचे कारण होय.
२) कारागिराने गन उघड्या हाताने किंवा तळवा मोकळा असलेल्या हातमोज्याने धरावी व भारवाहक पादत्राणे वापरावीत. रबरी तळ व रंगाने माखलेली फरशी यांमुळे माणूसच धारित्र बनतो.
३) रंगाचे व थिनरचे धातूचे डबे भूसंपर्कित असावेत. सुटी धातूची साधने फवारणी कक्षात ठेवू नयेत.
४) गन धुताना विद्युतपुरवठा बंद असावा, वायुवीजन मात्र सुरू असावे.
५) रोधाचे मापन साध्या मल्टिमीटरऐवजी ५०० व्होल्ट किंवा अधिक दाबाच्या मेगरने, कक्षात ज्वलनशील वाफ नसताना करावे.

निष्कर्ष :
रंग वस्तूच्या मागील बाजूस न बसणे किंवा कारागिराच्या अंगावर येणे ही भूसंपर्क बिघडल्याची पूर्वसूचना समजावी. रंगाचा दर्जा व कामगाराची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच भूसंपर्कावर अवलंबून आहेत. धारित्राच्या ऊर्जेचे सूत्र शिकविताना हे उदाहरण घेतल्यास विद्यार्थ्यांना सिद्धांताचे व्यावहारिक मोल सहज उमगेल.