अंतराळ संशोधनात लहान प्राण्यांच्या अस्थिघनतेचे मापन

प्रस्तावना : नागाव (ता. अलिबाग, जि. रायगड) येथील समुद्रात छातीइतक्या पाण्यात उभे राहिल्यास पायांच्या हाडांवरील भार बराच कमी होतो. अंतराळयानात हा भार जवळजवळ नाहीसा होतो व हाडे क्षीण होऊ लागतात. अंतराळवीरांच्या खुब्याजवळील अस्थिघनता दरमहा सुमारे १ ते १.५ टक्के घटते. उंदरांत असे बदल काही आठवड्यांतच दिसत असल्याने त्यांच्यावर संशोधन केले जाते.

मापन पद्धती : जिवंत प्राण्याचे हाड काढून तोलता येत नाही. म्हणून डेक्सा पद्धतीत दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पाठविले जातात. हाडातील कॅल्शियमयुक्त खनिज व मऊ ऊती हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. या फरकावरून खनिजाचे प्रमाण काढले जाते. उत्तर ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असे मिळते. ही क्षेत्रीय घनता असल्याने जाड हाड अधिक घन भासू शकते. हाडाच्या आतील जाळीदार रचना पाहण्यासाठी मायक्रो-सीटी आवश्यक ठरते.

पूर्वी असे मापन प्राणी पृथ्वीवर परतल्यावरच होत असे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर उंदरांसाठी अस्थिघनतामापक पाठविण्यात आला. त्यामुळे त्याच प्राण्याचे उड्डाणकाळात पुनःपुन्हा मापन करणे शक्य झाले.

अन्वयार्थ : घनता कमी आढळली म्हणजे हाड झिजलेच असे नव्हे. १९७५ च्या कॉसमॉस-७८२ मोहिमेतील उंदीर वाढीच्या वयातील होते; त्यांच्यात नवीन हाड तयार होण्याची क्रिया मंदावल्याचे आढळले. याउलट २०१३ च्या बायॉन-एम१ मोहिमेत प्रौढ उंदीर ३० दिवस अंतराळात होते. भूमीवरील तुलना-गटापेक्षा त्यांच्या मांडीच्या हाडातील जाळीदार भाग सुमारे ६४ टक्क्यांनी कमी आढळला आणि परतल्यानंतर ८ दिवसांतही तो भरून निघाला नाही. पहिल्या प्रकरणात वाढ खुंटली, तर दुसऱ्यात तयार हाडाचा ऱ्हास झाला. हाडांची झीज थांबविणारे औषध नवनिर्मिती वाढवीलच असे नाही. म्हणून हा भेद उपचाराच्या दृष्टीने निर्णायक आहे.

निष्कर्ष : प्राण्याचे वय, उड्डाणापूर्वीचे मापन आणि तशाच पिंजऱ्यात व तशाच आहारावर भूमीवर ठेवलेला तुलना-गट यांची नोंद असल्याशिवाय घनतेचा आकडा विश्वसनीय अर्थ देत नाही. मानवी वृद्धापकाळातील अस्थिविरलतेविषयी अनुमान काढताना हे भान अधिकच आवश्यक आहे.