तांबडा, पांढरा आणि आपली वाटी

वारणानगरात बाहेर जेवायला जायचं म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मटणाचं ताट येतं. सुक्कं, भाकरी, भात, कांदा-लिंबू आणि तांबडा-पांढरा हवा तेवढा. "बाहेरचं खाऊच नका" असा सल्ला आम्ही देणार नाही, कारण तो कुणी पाळत नाही. पाहुणे येतात, उसाचं बिल जमा होतं, पोरं पास होतात. बीपी किंवा शुगर असलेली मंडळी अशा वेळी एक तर घरीच थांबतात, नाहीतर "आजचा एक दिवस" म्हणून सगळी पथ्यं सोडतात. यातला मधला रस्ता काय, तेवढंच आज बघू.

पहिला प्रश्न मोजण्याचा. १० किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांना २०२२ पासून मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात. गावच्या खानावळीत तसं काही लिहिलेलं नसतं. मग मोजायचं कशानं? वाटीनं. भाकऱ्या आपण मोजून खातो, मटणाची प्लेट ठरलेली असते. रस्सा मात्र कुणी मोजत नाही. वाढपी येतो, वाटी भरतो, पुढं जातो. घोळ होतो तो तिथं.

आता बघा, तांबड्यावरची तर्री दिसते तरी. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. ते चमच्यानं बाजूला काढता येतं. पांढरा मात्र फसवतो. तिखट नाही, म्हणून हलका समजून आपण तो वाटीवर वाटी पितो. पण त्यात मटणाच्या अळणी पाण्याबरोबर नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू असतात. नारळातली चरबी बहुतांशी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी. शिवाय मीठ दोन्ही रश्श्यांत, आणि ते डोळ्यांना दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. रस्सा, पापड, लोणचं मिळून हा हिशोब एका बैठकीत संपू शकतो.

म्हणून नियम सोपा ठेवायचा. तांबडा एक वाटी, पांढरा एक वाटी, बस्स. सुरुवात कांदा-काकडीनं करायची. भाकरी घेतली तर भात दोन घास. मिसळ खायची असेल तर मोड आलेली मटकी चांगलीच आहे; कट वेगळ्या वाटीत मागायचा, फरसाण कमी सांगायचं, स्लाइस दोनच घ्यायचे. वारणेचं श्रीखंड घ्यायचं तर एक वाटी चौघांत.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. रात्री हॉटेलात जायचंय म्हणून दुपारचं जेवण चुकवू नये. औषध पोटात आणि ताट दहा वाजता, असं झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

शेवटचं सांगणं यजमानांना. आग्रह ही आपल्याकडची रीत, आणि तिच्यापुढं पथ्य हरतं. कुणी वाटीवर हात ठेवला तर "एवढ्यानं काय होतंय" म्हणू नका. त्या माणसाला पुढच्या वेळीही आपल्या पंगतीला बसायचंय.